लाल बटूंभोवतीचे गुरू, नोंद ३: फिल्टर, तुलनातारे आणि ऑक्टोबरचे चार तास

८ इंची न्यूटोनियन, उणे १० अंशांवर थंड केलेला मोनो सीमॉस कॅमेरा, जर्मन विषुववृत्तीय माउंट आणि ऑफ-ॲक्सिस गायडर ही जुळणी आता बदलायची नाही. या हंगामात लाल बटूंभोवती, म्हणजे लहान, थंड, लाल ताऱ्यांभोवती, फिरणाऱ्या गुरूसारख्या ग्रहांपैकी दोनच लक्ष्ये: हात बसवायला वास्प-८० बी, आणि मग टीओआय-५२०५ बी.

ग्रह ताऱ्यासमोरून जाताना, म्हणजे अधिक्रमणात, ताऱ्याचा प्रकाश घटतो; निवड त्या घटीच्या खोलीवरून केली आहे. ग्रह आणि तारा यांच्या त्रिज्यांच्या गुणोत्तराचा वर्ग म्हणजे ही खोली. गुरू सूर्यासमोरून गेला तर प्रकाश एक टक्का घटेल. टीओआय-५२०५ ची त्रिज्या सूर्याच्या ०.३९ पट आणि ग्रह जवळपास गुरूएवढा, म्हणून तिथे घट थेट ७ टक्के, म्हणजे ०.०८ प्रत (ताऱ्याच्या तेजाचे एकक). हा ग्रह शुभम कनोडिया आणि सहकाऱ्यांनी २०२३ मध्ये जाहीर केला. इतक्या लहान ताऱ्याभोवतीच्या वायू-धुळीच्या तबकडीत गुरूसारखा ग्रह घडायला पुरेसा ऐवज कुठून येतो, हा प्रश्न अजून सुटलेला नाही. असे ग्रह दुर्मीळही आहेत. नासाच्या टेस या अवकाश दुर्बिणीच्या निरीक्षणांवरून काढलेले अंदाज हजार लाल बटूंमागे दोन-तीन, एवढेच येतात.

खोली इतकी असल्यामुळे घट दिसण्यात अडचण नाही. ती खरी किती, हे ठरवताना घाम फुटतो, आणि त्याचे कारण बहुतेक वेळा रंग असतो.

लाल ताऱ्याच्या शेजारी तुलनातारा (ज्याच्या तेजाशी लक्ष्याचे तेज ताडून पाहायचे तो) म्हणून सहसा सूर्यासारखा पिवळा किंवा त्याहून निळा तारा सापडतो. वातावरण निळा प्रकाश जास्त खाते. लक्ष्य क्षितिजाकडे उतरू लागले की तुलनातारा लाल ताऱ्यापेक्षा लवकर मंदावतो, आणि गुणोत्तराच्या आलेखात लक्ष्य हळूहळू तेजस्वी होत असल्याचा भास होतो. फिल्टर न लावता किंवा ल्युमिनन्समध्ये (सगळा दृश्य प्रकाश सोडणाऱ्या फिल्टरमध्ये) घेतले तर हा उतार सर्वांत वाईट. निकट अवरक्तापर्यंत सगळे उघडे ठेवले तर त्यात बाष्पाचीही भर पडते: ९३० नॅनोमीटरजवळ पाण्याचा मोठा शोषणपट्टा आहे, लाल बटूचा बराच प्रकाश तिथे असतो आणि पिवळ्या ताऱ्याचा त्यामानाने कमी. पावसाळा नुकताच सरलेला असताना हवेतले बाष्प एका रात्रीतही बरेच हलते. म्हणून तो पट्टा घेणारा झेड फिल्टर बाद. आय फिल्टर तत्त्वतः उत्तम, पण ८०० नॅनोमीटरपुढे बहुतेक सीमॉस संवेदकांची ताकद निम्म्याच्या खाली जाते. तडजोड म्हणून वास्प-८० ला कझिन्स आर (लाल), आणि टीओआय-५२०५ ला स्लोन आय.

तुलनातारे निवडताना तेजापेक्षा रंग आधी पाहावा. गाया उपग्रहाच्या सूचीतला बीपी-आरपी, म्हणजे रंगाचा, निर्देशांक लक्ष्याच्या शक्य तितका जवळचा हवा, तेज अर्ध्या-पाऊण प्रतीने इकडेतिकडे चालेल. एक सावधगिरी: फार लाल दिसणारा तेजस्वी तारा बहुधा राक्षसी तारा असतो, आणि लाल राक्षसी ताऱ्यांचे तेज स्वतःच बदलत असते. पाच-सहा तारे घ्यावेत, प्रत्येकाला इतरांविरुद्ध तपासावे, ज्याचे तेज हलते तो काढून टाकावा.

प्रत्यक्ष घेताना वास्प-८० (व्ही ११.९) ला ६० सेकंद, आणि फोकस थोडा सोडून ताऱ्याची रुंदी ४ ते ५ पिक्सेल. १६ बिटच्या मोजपट्टीवर शिखर ३०,००० च्या आसपास राहिले पाहिजे, ४५,००० च्या वर अजिबात नाही. तिथली घट सुमारे २.९ टक्के असल्याने प्रत्येक बिंदूचा विखुरलेपणा ०.००५ प्रतीत ठेवायचा आहे. टीओआय-५२०५ व्हीमध्ये सोळाव्या प्रतीच्या आसपास, तेव्हा १२० सेकंद आणि फोकस अगदी नेमका. तिथे ०.०१५ प्रतीचा विखुरलेपणाही चालतो, कारण अधिक्रमण सव्वा ते दीड तास चालते आणि तेवढ्यात चाळीसेक बिंदू मिळतात. डार्क (झाकण लावून घेतलेल्या प्रतिमा) त्याच तापमानाचे ३०, फ्लॅट (एकसारख्या उजेडाच्या प्रतिमा) ३०. गायडिंग एका पिक्सेलबाहेर सरकू द्यायचे नाही, नाहीतर फ्लॅटमध्ये उरलेली धूळ आलेखात डुलते.

टीओआय-५२०५ जंबुक तारकासमूहात, आकाशगंगेच्या दाट पट्ट्यालगत आहे. छिद्र, म्हणजे ताऱ्याचा प्रकाश मोजायचे वर्तुळ, मोठे ठेवले की शेजारचा तारा आत येतो. तो लक्ष्यापेक्षा दोन प्रतींनी मंद असला तरी १६ टक्के जादा प्रकाश मिसळतो, ७ टक्क्यांची घट ६ वर येते आणि ग्रहाची त्रिज्या ७ टक्क्यांनी कमी निघते. म्हणून ॲस्ट्रोइमेजजे या मापनाच्या सॉफ्टवेअरमध्ये छिद्राची त्रिज्या ताऱ्याच्या रुंदीच्या १.२ पटीपासून २ पटीपर्यंत बदलत आलेख काढावेत. छिद्राबरोबर खोली सरकत असेल तर शेजारी आत आलाय.

घटीच्या आकाराबद्दलही जुना ठोकताळा इथे लंगडा पडतो. इंग्रजी व्हीसारखी घट दिसली की पिधान जोडतारा (एकमेकांना झाकणारे दोन तारे) समजून सोडून द्यायचे, अशी सवय असते. पण ग्रहाची त्रिज्या ताऱ्याच्या पाव पटीहून जास्त असल्यावर आत शिरायलाच १५-२० मिनिटे लागतात, निघायला तितकीच, आणि सपाट तळ आखूड होतो. दोन फिल्टरमधली तुलना जास्त भरवशाची. मागचा जोडतारा सहसा लक्ष्याहून निळा असतो, म्हणून घट त्याची असेल तर ती निळ्या फिल्टरमध्ये ठळकपणे खोल येते. किरकोळ फरकावर मात्र उडी मारू नये, ताऱ्यावरचे डागही तेवढा फरक पाडतात. आणि सगळे जुळले तरी वस्तुमान यातून कळत नाही: गुरू, तपकिरी बटू आणि सर्वांत लहान तारे यांच्या त्रिज्या जवळपास सारख्याच. टीओआय-५२०५ साठी ते टेक्सासमधल्या १० मीटरच्या दुर्बिणीवरील एचपीएफ वर्णपटमापकाने ताऱ्याच्या अरीय वेगावरून (आपल्याकडे येण्या-जाण्याच्या वेगावरून) काढले. ते आपल्या आवाक्यातले काम नव्हे.

निरीक्षणाची खिडकी. दोन्ही तारे २० तासांच्या विषुवांशाजवळ, म्हणजे त्यांचा मुख्य हंगाम नेमका पावसाळ्यात. पुण्याहून मध्य-ऑक्टोबरला वास्प-८० संध्याकाळी सातच्या सुमारास याम्योत्तरावर (आकाशात सर्वांत उंच) आणि पावणेअकरापर्यंत ३० अंशांच्या वर. अधिक्रमण २.१ तासांचे, आधी-नंतर प्रत्येकी ४५ मिनिटांची सपाट रेषा हवीच. जेमतेम बसते. नोव्हेंबर मध्यात बसत नाही. ही सपाट रेषा कापू नये: ती नसेल तर एअरमासची (प्रकाशाच्या वाटेतल्या हवेच्या जाडीची) दुरुस्ती करताना सॉफ्टवेअर घटीचाच काही भाग उतार समजून पुसते. माउंटचा फ्लिप (याम्योत्तर ओलांडल्यावर दुर्बीण दुसऱ्या बाजूला घेणे) अंधार पडताच, मालिका सुरू करण्याआधी उरकून घ्यावा. पावसाआधीची दुसरी संधी मेच्या उत्तरार्धात, रात्री साडेबारा ते पावणेपाच, पण धुरकट आकाशात.

तारखा काढायला सोपे गणित: वास्प-८० बी चा परिभ्रमणकाळ ३.०६८ दिवस, म्हणजे दर तीन दिवसांनी वेळ १ तास ३८ मिनिटे पुढे. टीओआय-५२०५ बी चे आठ फेरे १३ दिवस १ तास ६ मिनिटांत. वेळेची नोंद यूटीसीतच करावी. टिपणारे सॉफ्टवेअर संगणकाची भारतीय वेळ लिहीत असेल तर साडेपाच तासांची चूक होते, ती निदान लगेच दिसते. एक्स्पोजरच्या सुरुवातीची वेळ मध्याची धरल्याने होणारी ६० सेकंदांची चूक दिसत नाही. शेवटी बीजेडी-टीडीबीत (सूर्यमालेच्या वस्तुमानकेंद्रावरून मोजलेल्या वेळेत) रूपांतर, आणि मगच नोंदी एक्सोक्लॉक या अधिक्रमणांच्या वेळा गोळा करणाऱ्या प्रकल्पाकडे.

२०२५ मध्ये जाहीर झालेला टीओआय-६८९४ बी मोहात पाडतो: तारा सूर्याच्या ०.२१ पट वस्तुमानाचा, आणि गणिताने घट १४ टक्क्यांहून जास्त. पण तारा इतका मंद आहे की ८ इंचांवर तो यादीत घेतलेला नाही. ज्यांच्याकडे १६ इंच आणि काळे आकाश आहे त्यांनी सिंह राशीच्या हंगामात, फेब्रुवारी-मार्चमध्ये, आय फिल्टरने प्रयत्न करावा.