साडेनऊ की साडेदहा

वसुबारसेच्या दिवशी, २८ ऑक्टोबर २०२४ ला, संध्याकाळी साडेपाचच्या ठोक्याला मी फोनवर अमेरिकेत फ्लोरिडातल्या ऑर्लँडोच्या वॉल्ट डिस्ने वर्ल्ड या मनोरंजन पार्कांच्या समूहाचे अ‍ॅप उघडले आणि माझ्या पोटात गोळा आला. ज्या राइड्ससाठी सकाळच्या वेळा मिळतील असे मी गोव्यातल्या चोडण बेटावरच्या एका कुटुंबाला महिनाभर सांगत होते, त्यांपैकी ‘जंगल क्रूझ’ या नौकाफेरीसाठी थेट संध्याकाळची पावणेसातची वेळ शिल्लक होती, आणि ‘स्लिंकी डॉग डॅश’ या मुलांच्या लाडक्या रोलर कोस्टरसाठी एकही नव्हती. बुकिंग आत्ता, या क्षणी सुरू व्हायचे होते. प्रत्यक्षात ते सुरू होऊन एक तास झाला होता.

मी पणजीत अठरा जून रस्त्याजवळच्या एका पर्यटन कार्यालयात परदेश सहलींचे काम पाहते. हे कुटुंब सहा जणांचे होते: आजी-आजोबा, मुलगा, सून, नऊ वर्षांची नात आणि चार वर्षांचा नातू. भाऊबीज आटोपून ३ नोव्हेंबरच्या रात्री मोपा विमानतळावरून निघायचे, ४ ला ऑर्लँडोत पोहोचायचे आणि पुढचे चार दिवस चार पार्क पाहायचे, असे ठरले होते. मुलांना शाळेची दिवाळीची सुट्टी होती. त्याच आठवड्याच्या शेवटी अमेरिकेतल्या न्यू जर्सी राज्यातल्या शाळा शिक्षकांच्या अधिवेशनासाठी बंद असतात आणि तिथली कुटुंबे मोठ्या संख्येने फ्लोरिडाला येतात, म्हणून सर्वांत मोठी धावपळ असलेले ‘मॅजिक किंग्डम’ मी मंगळवारी, ५ तारखेला ठेवले होते. हॉटेल डिस्नेचेच होते, पॉप सेंच्युरी. जेवणाच्या जागा साठ दिवस आधी घेता येणार होत्या, आणि डिस्नेच्या हॉटेलामुळे राइड्सच्या वेळा सात दिवस आधी. बाहेरच्या हॉटेलात उतरणाऱ्यांना राइड्ससाठी तीनच दिवस मिळतात. जेवणाच्या जागा सप्टेंबरच्या सुरुवातीलाच मनासारख्या मिळाल्या होत्या, आणि कदाचित त्यामुळेच मी थोडी निर्धास्त झाले होते.

चूक माझी होती, आणि ती साध्या वजाबाकीची होती. हिवाळ्यात फ्लोरिडाचे घड्याळ आपल्यापेक्षा साडेदहा तास मागे असते आणि उन्हाळ्यात साडेनऊ तास, कारण तिथे मार्चच्या दुसऱ्या रविवारी घड्याळे एक तास पुढे करतात आणि नोव्हेंबरच्या पहिल्या रविवारी पुन्हा मागे घेतात. सहल नोव्हेंबरची म्हणून मी ‘साडेदहा’ असे एका पिवळ्या चिठ्ठीवर लिहून ती संगणकाच्या कडेला चिकटवली होती. सहलीपुरती ती चिठ्ठी बरोबर होती. परंतु बुकिंग २८ ऑक्टोबरला होते आणि घड्याळे ३ नोव्हेंबरला मागे जायची होती. तिथले सकाळचे सात त्या दिवशी आपल्याकडे साडेचारलाच वाजले. त्या वेळी मी खाली दुकानात पणत्या निवडत होते.

ज्यांना या व्यवस्थेची कल्पना नाही त्यांना एका तासाचे एवढे काय, असे वाटेल. १९९९ पासून कित्येक वर्षे या पार्कांत ‘फास्टपास’ नावाची सोय विनामूल्य होती. ठरावीक वेळेची चिठ्ठी घ्यायची, तोवर दुसरे काही पाहायचे आणि वेळ झाली की लहान रांगेतून आत जायचे. २०२१ मध्ये ही सोय पैसे देऊन घ्यायची झाली, आणि जुलै २०२४ मध्ये तिला ‘लाइटनिंग लेन मल्टी पास’ असे नाव मिळून आगाऊ बुकिंग परत आले. प्रत्येक दिवसासाठी तीन राइड्सच्या वेळा आधी निवडता येतात. त्यांतली पहिली वापरून झाली की त्याच दिवसाची आणखी एक घेता येते, ती झाली की पुढची. म्हणजे पहिली वेळ सकाळची असेल तर दिवसभरात पाच-सहा राइड्स लहान रांगेतून होतात, आणि पहिलीच वेळ संध्याकाळची असेल तर ही साखळी सुरूच होत नाही. शिवाय हॉटेलातल्या पाहुण्यांना मुक्कामाच्या सगळ्या दिवसांचे बुकिंग एकदमच उघडते. त्यामुळे माझा तो एक तास चारही दिवसांना लागला. पैसे मोजून रांग टाळण्याची ही पद्धत मला मनापासून पटत नाही, कारण ज्याला ते पैसे परवडत नाहीत त्याचे मूल तेवढा वेळ अधिक उन्हात उभे राहते. तरीही ज्यांनी सहलीसाठी वर्षभर पैसे साठवले आहेत, त्यांना ही पद्धत समजावून देणे आणि ती नीट वापरून देणे हे माझे काम आहे, आणि तेच मी चुकले होते.

मी लगेच फोन केला. मुलाने उचलला. मी काही लपवले नाही: वेळेचा हिशोब माझ्याकडून चुकला आहे, सकाळच्या बऱ्याच वेळा गेल्या आहेत, या बुकिंगसाठी घेतलेली माझी फी मी परत करते आणि उरलेल्या आठ दिवसांत जमेल तेवढे सावरते, असे सांगितले. पलीकडे काही क्षण शांतता होती. मग फोन आजोबांच्या हातात गेला. “बाय, आता तू काय करणार ते सांग,” ते म्हणाले. त्या वाक्यात राग नव्हता, आणि म्हणूनच ते मला जास्त लागले.

घेतलेली वेळ न सोडता तिच्या जागी दुसरी शोधता येते. लोकांचे बेत बदलतात, ते वेळा सोडतात आणि त्या काही क्षणांसाठी पडद्यावर दिसतात. म्हणून मी दिवसातून अनेकदा, आणि मुख्यतः आपल्याकडच्या रात्री, जेव्हा तिकडे दिवस असतो, ते अ‍ॅप पुन्हा पुन्हा उघडत राहिले. नरकचतुर्दशीच्या आदल्या रात्री आमच्या वाड्यावरची मुले नरकासुराच्या पुतळ्याला रंगीत कागदाची शेवटची पट्टी चिकटवत होती, ढोल-ताशांनी खिडकीच्या काचा थरथरत होत्या, आणि पहाटे तीनच्या सुमारास ‘जंगल क्रूझ’ची पावणेसातची वेळ बाजूला होऊन तिच्या जागी ११:४० उमटली. मी ती घेतली, आणि बाहेर नरकासुर जळेपर्यंत स्लिंकीसाठी बोट चालवत राहिले. ती वेळ आली नाही.

मात्र त्या आठ दिवसांत वेळा शोधण्यापेक्षा महत्त्वाचे काम वेगळेच झाले. सगळा बेत मी मुळात राइड्सच्या यादीवरून आखला होता. आता हाती वेळा कमी होत्या, म्हणून मी तो आजींच्या गुडघ्यांवरून पुन्हा आखला. त्या व्हीलचेअरवर असणार होत्या, आणि खुर्ची असली की रांग लागत नाही अशी त्यांच्या नातेवाइकांनी समजूत करून दिली होती. तसे नाही. बहुतेक राइड्सच्या रांगा खुर्चीसह जाता येईल अशाच असतात आणि खुर्चीतल्या माणसाला इतरांइतकेच थांबावे लागते. रांगेत उभे न राहता वेळ घेण्याची वेगळी सवलत २०२४ पासून मुख्यतः स्वमग्नतेसारख्या विकासात्मक अडचणी असलेल्यांसाठी आहे. हे ऐकून सूनबाई हिरमुसल्या, पण जाण्याआधी कळले हे बरे झाले. मी दुपारी १२ ते ३ हा वेळ आजींसाठी बसून करण्याच्या गोष्टींना दिला: पार्कभोवती फिरणारी वाफेची आगगाडी, आणि ‘कॅरोसेल ऑफ प्रोग्रेस’, जे १९६४ च्या न्यूयॉर्कच्या जागतिक मेळाव्यासाठी तयार झाले होते आणि जिथे वातानुकूलित सभागृहात वीस-एक मिनिटे निवांत बसता येते. त्या आगगाडीची इंजिने फिलाडेल्फियात बनली आणि मेक्सिकोच्या युकातान भागात राबून मग इथे आली. हे मी आजोबांना सांगितले तेव्हा त्यांनी ते वहीत लिहून घेतले.

मुलांची उंची मी आधीच मोजली होती. कार्यालयाच्या दाराच्या लाकडी चौकटीला पाठ लावून दोघांना उभे केले, शिंप्याची टेप धरली आणि पेन्सिलीने रेघा मारल्या. नात १३१ सेंटिमीटर भरली, म्हणजे ‘ट्रॉन’ या रोलर कोस्टरच्या किमान १२२ च्या अटीतही बसली. नातू ९९ भरला. ‘सेव्हन ड्वार्फ्स माइन ट्रेन’ला ९७ लागतात, ‘बिग थंडर’ला तेव्हा १०२ लागत. पहिल्यात त्याला घेतील, दुसऱ्यात नाही, हे मी त्याला तिथेच सांगितले, कारण दारात पोहोचल्यावर नकार ऐकणाऱ्या मुलाचे रडणे मी यापूर्वी फोनवरून ऐकले आहे. जिथे तो बसणार नाही तिथे ‘रायडर स्विच’ मागायचा: एक पालक मुलासोबत बाहेर थांबतो, बाकीचे जाऊन येतात आणि मग थांबलेल्या पालकाला पुन्हा मोठी रांग लावावी लागत नाही.

मंगळवार उजाडला. तिकडचे सकाळचे सात, आपले साडेपाच. घड्याळे मागे गेल्यामुळे आता चिठ्ठी बरोबर होती. हॉटेलच्या पाहुण्यांना पार्क अर्धा तास आधी, साडेआठला उघडते आणि त्या अर्ध्या तासात जे होते ते नंतर दोन तासांतही होत नाही, म्हणून सव्वासातची बस धरा, असे मी बजावले होते. हॉटेलची बस मॅजिक किंग्डमच्या दाराजवळच सोडते. पण निघता निघता आजींच्या रक्तदाबाच्या गोळ्या खोलीत राहिल्याचे लक्षात आले आणि बस गेली. घाबरून त्यांनी टॅक्सी केली, आणि टॅक्सी दारापर्यंत जात नाही. ती तलावाच्या अलीकडच्या वाहतूक केंद्रावर सोडते. तिथे सामानाची तपासणी होते आणि मग मोनोरेलने किंवा फेरीबोटीने पलीकडे जावे लागते.

आपल्याकडे पावणेसात वाजता माझा फोन वाजला. मुलाच्या आवाजात धाप होती. मोनोरेलच्या चढावर रांग लागली आहे, आठ वाजून पंधरा मिनिटे झाली आहेत, काय करू, असे तो विचारत होता. मी उत्तर देणार तोच मागून आजोबांचा आवाज आला: “फेरी धक्क्याला लागली आहे. चला.”

ज्या माणसाने आयुष्यभर चोडण-रायबंदर फेरीने ये-जा केली आहे त्याला बोटीविषयी मी काय सांगणार? फोन चालू होता आणि मी ऐकत होते. वर जाऊ नका, खालीच राहा, खुर्ची मधोमध नको, पुढच्या कठड्याला लावा, ब्रेक लावा, मुलाचा हात धरा. तलावाचे पाणी ओलांडायला काही मिनिटे लागली आणि त्या वेळात आजोबा इंजिनाचा आवाज मांडवीतल्या बोटींपेक्षा कसा कमी आहे ते सांगत होते. बोट पलीकडे टेकली, फळी पडली आणि पहिल्यांदा उतरली ती आजींची खुर्ची. मागे सगळी बोट भरलेली होती. आठ वाजून चाळीस मिनिटांनी ते आत होते. ‘पीटर पॅन्स फ्लाइट’ पंधरा मिनिटांच्या आत झाली, माइन ट्रेनला पस्तीस मिनिटे लागली आणि नातू त्यातून उतरल्यावर पुन्हा जायचे म्हणून हटून बसला. ११:४० ला जंगल क्रूझ झाली, ती झाल्यावर मी पुढची वेळ घेतली, मग त्यापुढची. आपल्याकडे मध्यरात्र उलटली तेव्हा आजी आगगाडीत होत्या. त्यांनी एक पूर्ण फेरी मारून उतरायचे नाकारले आणि दुसरी मारली.

दुपारी तीनला, म्हणजे आपल्या रात्री दीडला, ते विश्रांतीसाठी हॉटेलवर परतले आणि मी फोन चार्जिंगला लावला. ठरलेल्या राइड्सपैकी दोन राहिल्या होत्या. त्यांनी त्यांचा उल्लेखही केला नाही.

गुरुवारी ‘हॉलिवूड स्टुडिओज’. स्लिंकीची वेळ शेवटपर्यंत मिळाली नव्हती. साडेआठच्या प्रवेशाला धावत जाऊन उभे राहणे एवढाच उपाय होता आणि खुर्ची घेऊन धावता येत नाही. म्हणून वडील आणि नात पॉप सेंच्युरीच्या स्थानकावरून ‘स्कायलायनर’ या हवाई पाळण्याने पुढे निघाले, मध्ये पाळणा बदलला, आणि पन्नास मिनिटे थांबून त्यांनी राइड घेतली. नातीने रांगेतून मला तीन फोटो पाठवले. बाकीचे चौघे सावकाश आले तोवर बाहेरच्या फलकावर ८५ मिनिटे लिहिलेली होती. चार वर्षांच्या मुलाला एवढा वेळ उभे करता येत नाही. त्याने विचारले, त्याला समजावले, तो रडला. आईने हे मला नंतर सांगितले, तेही मी विचारले म्हणून.

परतल्यावर ते सगळे कार्यालयात आले, सोबत आजींनी केलेले नेवऱ्यांचे डबे होते. फी त्यांनी परत घेतली नाही. नातू दाराशी गेला आणि स्वतःची रेघ शोधून तिला पाठ लावून उभा राहिला. ९९. स्लिंकीला ९७ पुरतात.