वॉशिंग्टनमध्ये जेनेट रँकिनच्या शोधात

वॉशिंग्टनचं कॅपिटल, म्हणजे अमेरिकेचं संसद भवन, बघायला लोक जातात ते घुमटासाठी. मला ओढ होती युद्धाला 'नाही' म्हणणाऱ्या खासदार जेनेट रँकिनच्या पुतळ्याची. आत शिरायचं ते पूर्वेकडच्या, जमिनीखाली बांधलेल्या अभ्यागत केंद्रातून. तपासणी आटोपली की इमॅन्सिपेशन हॉल लागतो. छताच्या काचांमधून घुमट दिसतो, त्यामुळे सगळ्यांच्या माना वर. खाली मात्र एकेका राज्याने दिलेले पुतळे आहेत, आणि त्यांत माँटानाने दिलेली ही ब्राँझची जेनेट. चौथऱ्यावर तिचेच शब्द कोरलेत: 'मी युद्धाला मत देऊ शकत नाही.'

मिझुलाजवळच्या एका रँचवर १८८० मध्ये जन्मलेली ही मुलगी. माँटानातल्या बायकांना १९१४ मध्ये मताधिकार मिळाला, त्या लढ्यात ती आघाडीवर होती. पुढे दोनच वर्षांत ती काँग्रेसवर, म्हणजे अमेरिकेच्या संसदेवर, निवडून आली. काँग्रेसमधली पहिली बाई! देशभरातल्या बायकांच्या मताधिकाराची घटनादुरुस्ती व्हायला तेव्हा १९२० साल उजाडायचं होतं.

२ एप्रिल १९१७ ला तिने शपथ घेतली आणि त्याच संध्याकाळी अध्यक्ष विल्सन यांनी जर्मनीविरुद्ध युद्धाची मागणी केली. ६ एप्रिलच्या पहाटे एकेकाचं नाव पुकारून मतदान झालं. तिचं नाव आलं, ती गप्प. दुसऱ्यांदा पुकारल्यावर उठून म्हणाली, "मला देशाच्या पाठीशी उभं राहायचंय, पण मी युद्धाला मत देऊ शकत नाही." मत देताना बोलायचं नाही, हा सभागृहाचा दंडक तिने मोडला. निकाल ३७३ विरुद्ध ५०. विरोधात बाकीचे ४९ पुरुषच होते, तरी बोल लागला तो बाईच्या जातीला.

त्याच वर्षी माँटानातल्या ब्यूटच्या तांब्याच्या खाणीत आग लागून १६८ कामगार गेले, तेव्हा बलाढ्य खाणकंपनीशी वैर पत्करून ती कामगारांच्या बाजूने उभी राहिली. तिच्याबद्दल बोलताना हे फार कमी सांगितलं जातं.

१९४० मध्ये ती पुन्हा निवडून आली. पर्ल हार्बरवरच्या हल्ल्याच्या दुसऱ्या दिवशी, ८ डिसेंबर १९४१ ला, जपानविरुद्धच्या युद्धाच्या ठरावावर मतं पडली ३८८ विरुद्ध १. तो एक आकडा म्हणजे जेनेट. चिडलेल्या लोकांपासून वाचायला तिने फोन बूथचा आसरा घेतला, पोलिसांनी तिला तिथून सुखरूप बाहेर काढलं. त्या दिवशी मी तिच्या जागी असते तर युद्धाला होकार दिला असता. जपानला थोपवायलाच हवं होतं, असं मला आजही वाटतं. पण आपली राजकीय कारकीर्द इथे संपणार हे दिसत असताना एकटीने 'नाही' म्हणणं, याला माझा सलाम आहे.

पुढे गांधीजींच्या विचारांच्या ओढीने ती अनेकदा भारतात येऊन गेली. १९६८ मध्ये, वयाच्या ८७ व्या वर्षी, व्हिएतनाम युद्धाविरुद्ध हजारो बायकांचा मोर्चा घेऊन ती पुन्हा वॉशिंग्टनच्या रस्त्यावर उतरली.

तुम्ही गेलात तर नुसती गाइडेड टूर करून परतू नका. सभागृहाच्या गॅलरीचा पास वेगळा घ्यावा लागतो. परदेशी पाहुण्यांनी अभ्यागत केंद्राच्या वरच्या मजल्यावर चौकशी करावी, ओळखपत्र जवळ ठेवावं.