रविवार गेला बॉनेटखाली

बाबांची जुनी कार्ब्युरेटरवाली (पेट्रोल आणि हवा मिसळून इंजिनला देणारा भाग) मारुती, सिग्नलला उभी राहिली की थरथर आणि बंद, परवा दादर टीटीला मागच्या टॅक्सीवाल्याने हॉर्न मारून जीव नकोसा केला. मेकॅनिकने दोनदा स्क्रू पिळून पैसे घेतले, फरक शून्य. पण गंमत बघा, चोक (हवा अडवून पेट्रोलचं प्रमाण वाढवणारा खटका) अर्धा ओढला की बया शहाण्यासारखी चालते, म्हणजे कुठूनतरी फुकटची हवा आत जातेय आणि पेट्रोल-हवेचं मिक्श्चर पातळ होतंय!

मग पार्किंगमध्ये एकेक व्हॅक्यूम पाइप (इंजिनच्या ओढीवर चालणारी रबरी नळी) पकडीने दाबून बघितला, काही नाही. शेवटी कार्ब क्लीनर (कार्ब्युरेटर साफ करायचा स्प्रे), तोही इंजिन फार तापायच्या आत आणि बेताने, इंजिनच्या गरम एक्झॉस्टवर उडाला तर भडका (वॉचमनकाका वाळूची बादली घेऊनच उभे). कार्ब्युरेटरच्या बुडाशी फुस्स केलं आणि आयडलिंग (उभ्या गाडीतला इंजिनचा वेग) एकदम बदललं, चारपाच सेकंदांत परत रडगाणं. म्हणजे स्प्रे तिथल्याच फटीतून आत ओढला गेला, सापडलं!! खालचं गॅस्केट (दोन भागांमधली फट बंद करणारा पातळ थर) एका कोपऱ्यात कडक होऊन तडकलेलं, बस एवढंच.

नवीन टाकलं, नट समोरासमोरचे थोडे थोडे आवळले, मेकॅनिकने चढवून ठेवलेला आयडलचा स्क्रू खाली आणला. बाबा खाली येऊन पाच मिनिटं नुसते ऐकत उभे होते, मग म्हणाले, "चहा घेणार का?"