आठवड्याला एक पत्ता

रविवारी रात्री जेवणं झाली, ओटा पुसून झाला, की आमची ही म्हणते, "काढा ओ तुमचा पत्ता." मग मी कपाटावरचा बिस्किटांचा जुना डबा खाली घेतो. त्यात टॅरोचा, म्हणजे भविष्य बघायच्या चित्रांच्या पत्त्यांचा, कॅट आहे. अठ्ठ्याहत्तर पत्ते, आपल्या रमीच्या पत्त्यांपेक्षा चांगले लांबरुंद, त्यामुळे पिसताना हातात मावत नाहीत. दोन-तीन दर वेळी फरशीवर पडतात. ते मोजायचे नाहीत असा आमचा नियम. मग एक पत्ता काढायचा आणि विचारायचं: या आठवड्यात मजा कशात आहे?

प्रश्न माझा नव्हे, लेकीचा. ती पुण्याला असते. दिवाळीला आली तेव्हा हा कॅट घेऊन आली. मी म्हटलं, मला काय विचारायचंय आता? नोकरी आहे, सुताच्या पेढीवर हिशेब लिहितो, लग्न करून चुकलोय, घराचा हप्ता फिटलाय. ती म्हणाली, "बाबा, तुम्हाला हल्ली कशात मजा आली ते सांगा." मी बराच वेळ आठवून म्हटलं, गड्ड्याच्या यात्रेत, आमच्या सोलापूरच्या. होम मैदानावर नातीला मोठ्या पाळण्यात बसवलं होतं तेव्हा. लेक बोटं मोजायला लागली. ही सिद्धरामेश्वरांची यात्रा संक्रांतीला, आणि आम्ही बोलत होतो दिवाळीत. दहा महिन्यांत दुसरं काही आठवू नये, हे तिला बरं वाटलं नाही. खरं सांगायचं तर मलाही.

पत्त्यांवर आमच्या घराचा अविश्वास नाही. सोलापूरच्या पूर्व भागात, विणकरांच्या वस्तीत, राहणाऱ्याचा नसतोच. माझ्या वडिलांनी, अण्णांनी, आयुष्यभर जकार्डची, म्हणजे मागावर नक्षी उठवणाऱ्या यंत्राची, कार्डं पाडली. बाहेरच्यांना सोलापुरी चादर माहीत असते, तिच्यावरचा मोर कुठून येतो ते माहीत नसतं. तो येतो पुठ्ठ्याच्या कार्डांतून. आधी आलेखाच्या कागदावर चौकटी भरून मोर काढायचा, मग एकेका ओळीचं एकेक कार्ड, त्यात नेमकी भोकं पाडायची. कार्डं दोऱ्यानं एकापुढे एक शिवून माळ करायची आणि ती मागावर चढवायची. भोक असेल तिथं सुई आत जाते आणि ताण्याचा दोरा वर उचलला जातो. भोक नसेल तिथं दोरा खालीच. ही युक्ती फ्रान्समधल्या लिऑनच्या जकारनं 1804 साली काढली आणि फिरत फिरत आमच्या गल्लीत पोचली. एक भोक चुकलं तर मोराची मान तुटते, आणि ती प्रत्येक चादरीत तुटत जाते. तेव्हा कार्डावर लिहिलेलं बदलत नसतं, असं मी लहानपणापासून धरून चाललोय.

टॅरोचं तसं नाही. हे पत्ते पंधराव्या शतकात उत्तर इटलीत खेळायला म्हणून निघाले. भविष्य सांगायला लागले ते तीनेकशे वर्षांनी, फ्रान्समध्ये. म्हणजे आधी ती साधी रमीच होती की! हे कळल्यावर मी फार मोकळा झालो. आमच्याकडच्या कॅटवरची चित्रं 1909 सालची, लंडनची. पामेला कोलमन स्मिथ नावाच्या बाईनं काढलेली. काम संपल्यावर तिनं एका ओळखीच्याला पत्रात लिहिलं, की फार मोठं काम उरकलं, पैसे मात्र अगदीच थोडे मिळाले. कॅटला नाव पडलं छापणाऱ्याचं आणि कल्पना सांगणाऱ्याचं, रायडर-वेट. बाईची सही पत्त्याच्या कोपऱ्यात, वेलांटीसारखी, भिंग लावून शोधावी लागते. चादरीच्या लेबलवर कारखानदाराचं नाव असतं. अण्णांचं कुठं होतं?

असो. मजेचं सांगत होतो.

पहिल्याच रविवारी चार पेल्यांचा पत्ता निघाला. झाडाखाली एक पोरगा हाताची घडी घालून बसलाय. पुढ्यात तीन पेले. ढगातून एक हात चौथा पेला पुढे करतोय आणि ह्या पठ्ठ्याचं लक्ष नाही. हिनं चित्र बघितलं, माझ्याकडं बघितलं, आणि म्हणाली, "सकाळचा चहा." मी रोज सकाळी मोबाईलमध्ये सुताचे भाव बघत असतो. ती कप ठेवून जाते, साय धरते, मग मी पितो. त्या आठवड्यात मोबाईल खोलीत ठेवून चहा घेतला. गरम चहा ही काय चीज आहे, हे पन्नाशी उलटल्यावर कळावं, याला काय म्हणणार?

एकदा निघाला हर्मिट, म्हणजे एकांतात राहणारा साधू. डोंगराच्या टोकावर उभा म्हातारा, अंगावर घोंगडीसारखा झगा, हातात काठी आणि कंदील. लेक फोनवर सांगत होती, "एकांत, बाबा, अंतर्मुख व्हायचं." मला तो बघताक्षणी पिंगळा वाटला. आमच्या आजीच्या गावी झुंजुमुंजूच्या आधी यायचा, कंदील घेऊन, कुडमुडं वाजवत. दाराबाहेर उभा राहून घराचं भलं भाकायचा. आजी सुपात ज्वारी घेऊन जायची, मी तिच्या पदराआड. त्याला कुणी प्रश्न विचारलेला मला आठवत नाही. त्या आठवड्यात पहाटे उठून सिद्धेश्वर तलावाच्या काठानं चक्कर मारली, दोन दिवस. तिसऱ्या दिवशी नळाला पाणी आलं. आमच्याकडं ते रोज येत नाही, त्यामुळं आलं की हर्मिटलासुद्धा डोंगरावरून उतरून पाईप धरावा लागेल.

दहा तलवारींचा पत्ता भयंकर आहे. माणूस पालथा पडलाय आणि पाठीत एकूण एक दहा तलवारी. मी गप्प झालो. ही मात्र पदर तोंडाला लावून हसायला लागली. "मार्च एंड!" एवढंच म्हणाली आणि पुन्हा हसली. तारीख होती मार्चची चोवीस. डोळ्यांत पाणी येईस्तोवर हसलो दोघं. त्या आठवड्याची मजा रविवारी रात्रीच वसूल झाली, पुढं सात दिवस नुसत्या तलवारी.

टपरीवर मित्र विचारतात, "काय बे, काय निघालं?" त्यांना खोटं सांगतो की नऊ पेले. तो इच्छापूर्तीचा पत्ता. लाल टोपीवाला गडी हाताची घडी घालून बाकावर बसलाय, मागं नऊ पेले मांडलेत. अगदी शेंगाचटणीचा दुकानदार, बरण्या मागं लावून गिऱ्हाइकाची वाट बघणारा. सहा महिन्यांत तो मला एकदाही निघालेला नाही. पण तो मनात आला की मी उखळात कुटलेली चटणी पाव किलो घेऊन घरी जातो, तेल सुटलेली, आणि कडक भाकरी मोडून खातो. न निघालेल्या पत्त्याचं ऐकू नये असं कुठं लिहिलंय?

पैसे घेऊन पत्ते बघणारे असतात, मला त्यांचं जमत नाही. साडेसाती काय आणि मनोरा कोसळण्याचा पत्ता काय, माणसाला घाबरवलं की तो परत येतो. कापसाचा भाव पत्त्याला कळत नाही. तो कळत असता तर आमचे शेठ गड्डीच्या गड्डी घेऊन बसले असते.

आणि हो, एकदा मी लबाडी केली. मे महिना, पारा बेचाळीसच्या वर, रात्री गादीसुद्धा तापलेली. निघाला पाच नाण्यांचा: दोन कंगाल माणसं, एक कुबड्यांवर, एक अनवाणी, बर्फातून चाललीत. वर रंगीत काचेच्या खिडकीत उजेड, पण ती आत जात नाहीत. मी पत्ता परत सारला आणि दुसरा काढायला लागलो. नात गावाहून सुट्टीला आलेली, तिनं बघितलं. "आजोबा, बर्फ!" म्हणाली. तिला त्या माणसांचं काही पडलेलं नव्हतं. दुसऱ्या दिवशी संध्याकाळी गोळेवाल्याकडं गेलो. तिनं काला खट्टा घेतला, मी पण घेतला, आणि मनगटावरून कोपरापर्यंत जांभळा ओघळ आला. शर्टाचा डाग गेलेला नाही. ही अजून बोलते.

गेल्या रविवारी आठ नाण्यांचा निघाला. बाकावर बसलेला कारागीर, मान खाली, हातोडी-छिन्नीनं नाण्यावर खूण कोरतोय, झालेली नाणी शेजारी खांबाला टांगलेली. अण्णा खाटेवर पडले होते. ऐंशी ओलांडलीय, बोलणं कमी झालंय. मी पत्ता त्यांच्या हातात दिला. त्यांनी बोटं फिरवली, चारी कडा चाचपल्या, मग ट्यूबलाईटसमोर धरला आणि एक डोळा मिटून आरपार बघायचा प्रयत्न केला.

"भोकं नाहीत रे ह्याला," म्हणाले. "काय विणणार ह्याच्यावर?"

मग उठून बसले आणि मोराच्या डोळ्याला किती कार्डं लागायची ते सांगायला लागले. साडेबारा वाजले तरी सांगत होते. हिनं दोनदा चहा टाकला.