अडकून पडलेली विश्वं

गेल्या मंगळवारी मी माझ्या आलेखावरचा उजवीकडचा अख्खा पट्टा पुसून टाकला. त्या आलेखावरचा एकेक बिंदू म्हणजे कागदावर मांडलेलं एकेक शक्य विश्व. सात महिने त्या पट्ट्यात माझा जीव गुंतला होता.

विश्व जन्मून सेकंदाचा साधारण शंभर अब्जावा भाग उलटला, तापमान 160 जीईव्हीच्या (हे ऊर्जेचं एकक, आम्ही तापमान आणि कणांचं वस्तुमानही त्यातच मोजतो) आसपास उतरलं आणि सगळ्या अवकाशात पसरलेलं हिग्ज क्षेत्र शून्यावरून ढळलं. इलेक्ट्रॉन, क्वार्क यांना वस्तुमान मिळालं ते त्यामुळे. पण ढळलं कसं?

आजी लोणी कढवते, त्यात विड्याचं पान टाकते, मग डबा कोपऱ्यात ठेवून कुणाला हात लावू देत नाही. सावकाश निवणाऱ्या तुपात इथे एक कण धरतो, तिथे एक धरतो, ते वाढत जातात आणि तूप रवाळ होतं. काकवीचं तसं नाही. थंडीत तीही घट्ट होते, पण अमुक क्षणी झाली असं बोट ठेवून सांगता येत नाही.

काजान्ती, लाइने, रुमुकाइनेन आणि शापोश्निकोव्ह या भौतिकशास्त्रज्ञांनी 1996 साली संगणकावर गणित मांडून दाखवलं, की हिग्ज क्षेत्राचा कण सुमारे 80 जीईव्हीपेक्षा जड असेल तर स्टँडर्ड मॉडेलमधला, म्हणजे मूलकणांच्या आजच्या मान्य सिद्धांतातला, हा बदल काकवीसारखा होतो. 2012 मध्ये सर्न या युरोपीय कणभौतिकी प्रयोगशाळेत हिग्ज सापडला तो 125 जीईव्हीचा. म्हणजे काकवीच. मला हे मनाला लागतं, कारण द्रव्य प्रतिद्रव्यापेक्षा (उलट भाराच्या जुळ्या कणांच्या द्रव्यापेक्षा) जास्त उरायचं तर उष्णतेचा समतोल मोडावा लागतो, असं भौतिकशास्त्रज्ञ साखारोव्ह यांनी 1967 मध्येच सांगून ठेवलं आहे. काकवीत तो पुरेसा मोडत नाही. तुपात मोडतो.

म्हणून मी हिग्जच्या जोडीला आणखी एक अदिश (दिशा नसलेलं, नुसतं मूल्य असलेलं) क्षेत्र घेते. त्याला विद्युतभार नाही, त्याचा संबंध फक्त हिग्जशी. विश्व निवताना आधी हे नवं क्षेत्र शून्यावरून हलतं, नंतर हिग्जची पाळी येते, आणि दोन अवस्थांच्या मधे उंचवटा उभा राहतो. तो ओलांडायचा तर नव्या अवस्थेचे बुडबुडे धरावे लागतात. दोघांमधली जोडणी जितकी घट्ट, तितका उंचवटा मोठा. मला तेच हवं होतं. ज्या तापमानाला दोन्ही अवस्था समसमान होतात ते काढायचं, हिग्जचं मूल्य त्याहून जास्त भरलं की बिंदू आलेखावर ठेवायचा, असं मी करत गेले. उजवीकडे बिंदूंची गर्दी झाली.

पण समसमान झाल्या म्हणजे बदल झाला, असं नाही! बुडबुडा धरायला ऊर्जेचा किती खर्च पडतो, ते वेगळं मोजावं लागतं. त्या खर्चाला तापमानाने भागलेला आकडा 140 च्या आसपास यायला हवा. तेव्हा कुठे त्या काळच्या क्षितिजाएवढ्या जागेत (100 जीईव्हीला ते जेमतेम दीड सेंटीमीटर भरतं) एखादा बुडबुडा धरतो. मी हे गणित घातलं आणि उजवीकडच्या बिंदूंवर तो आकडा 300 च्या खाली उतरेचना. ती विश्वं निवतच राहतात, हिग्ज शून्यावर अडकलेलं. तिथे आपण नाही.

पट्टा पुसताना वाईट वाटलं, पण खरा ऐवज त्याच्या काठावर आहे. जिथे बुडबुडे कसेबसे धरतात, तिथे ते थोडे असतात आणि आदळण्याआधी खूप मोठे होतात. सावकाश निवलेल्या तुपाचा रवा मोठा असतो, तसंच. मोठे बुडबुडे आदळले की गुरुत्वीय लहरी, म्हणजे अवकाशकाळातल्या लाटा, जोरकस उठतात, आणि 25 लाख किलोमीटर लांबीच्या भुजांची लिसा ही युरोपीय अवकाश मोहीम 2030 च्या दशकात त्याच पट्टीतल्या लहरी ऐकायला निघणार आहे. नव्या क्षेत्राचा कण हिग्जच्या निम्म्याहून जड असेल तर हिग्ज त्यात विघटित होऊ शकत नाही, मग सर्नमध्ये त्याचा माग काढणं फार अवघड. अशा वेळी हा काठच कामाला येईल, असं मला मनापासून वाटतं.

आज सकाळपासून काठावरचा एकेक बिंदू घेऊन तापमान एकेक जीईव्हीने उतरवते आहे. पहिल्या बिंदूवर 61 ला बुडबुडा धरला.