मागची बाजू वाचून ओळख!

आज दुपारी लेकीबरोबर एक खेळ खेळले आणि अजून डोक्यातून जात नाहीये. पाकिटांवरची नावं झाकायची, मागचे पोषणमूल्यांचे आकडे वाचायचे, समोरच्याने पदार्थ ओळखायचा. सगळं दर १०० ग्रॅमला.

पहिलं सोपं. ९०० कॅलरी, फॅट १००, बाकी शून्य. तेल! पण ती म्हणाली, "९००च का?" मग सांगितलं, एका ग्रॅम फॅटमधून साधारण ९ कॅलरी मिळतात, प्रथिनं आणि कर्बोदकांतून ४-४. तिथून खेळच बदलला. पोरगी कागद-पेन घेऊन बसली.

प्रथिनं २१, फॅट ५०. मी चटकन लोणी म्हणाले. "अगं आई, लोण्यात एवढी प्रथिनं कुठून येतील?" बदाम होते.

नंतर कर्बोदकं ८२, फॅट शून्य. मला साखर वाटली. ती बराच वेळ गप्प, मग म्हणाली, "साखर असती तर जवळजवळ १०० आले असते. उरलेलं पाणी असणार. मध!" काय आनंद झाला मला! अकरा वर्षांची आहे ती.

शेवटी केचप. साखर २२ ग्रॅम वाचून ती जॅम म्हणणार होती, पण सोडियम ९०० मिलिग्रॅम ऐकून थांबली. बरोबर ओळखलं. मग बाटली हातात धरून हिशेब केला: एका मोठ्या चमच्यात जवळपास ४ ग्रॅम साखर, म्हणजे एक छोटा चमचा.

"आई, मी तर तीन-चार चमचे घेते गं."