तुम्ही नेमके कुठे उभे होता?

रॉक कॉन्सर्टच्या आठवणी गोळा करायचं कधीपासून डोक्यात होतं. साठ-सत्तरच्या दशकातले ते बँड ज्यांनी समोर उभं राहून ऐकले, ते चाहते आता म्हातारे झालेत, काही तर गेलेही. वादकांच्या मुलाखती सगळीकडे मिळतात. खाली गर्दीत घामाघूम होऊन उभ्या असलेल्या माणसाला मात्र कुणी काही विचारत नाही, आणि मला तर त्याचंच ऐकायचं होतं.

"कसा झाला होता कार्यक्रम?" असं विचारलं की उत्तर ठरलेलं: भारी, अंगावर काटा आला, शब्दच नाहीत. म्हणून मी सुरुवात दुसऱ्या प्रश्नाने करते. तुम्ही नेमके कुठे उभे होता? हे विचारलं की माणसाचे हात हलायला लागतात. इकडे स्टेज, इथे लोखंडी कठडा, डावीकडे स्पीकर. एक बाई उंचीने लहान. त्यांना अख्खा वेळ समोरच्या माणसाचं चामड्याचं जाकीट सोडून काही दिसलं नव्हतं. पण जाकिटाची उजवी शिवण उसवलेली होती, गाणं ओळखीचं निघालं की त्याचे खांदे आधी वर जायचे आणि मग लोक ओरडायचे, हे त्यांनी मला उठून, खांदे उडवून दाखवलं. स्टेज न दिसताही इतकं पाहिलेली ही माणसं आहेत.

मागच्या रांगांतल्या लोकांचं वेगळंच. ड्रमरची काठी आधी पडायची आणि ठोका नंतर यायचा, असं एकाने सांगितलं. ते अगदी खरं आहे. आवाज सेकंदाला साधारण ३४० मीटर जातो, म्हणजे १०० मीटर मागे उभं असलं की पाव सेकंदाहून थोडा जास्त उशीर. मोठ्या मैदानात मध्येच स्पीकर उभे करतात आणि त्यांचा आवाज मुद्दाम थोडा मागे ठेवतात, तो याच कारणाने. असा तपशील कुणी सहज बोलून गेला की मला खात्री पटते, हा माणूस तिथे होता.

सगळ्यात अवघड काम म्हणजे पाहिलेलं आणि पडद्यावर पाहिलेलं वेगळं करणं. १३ जुलै १९८५चा 'लाइव्ह एड' हा मदतनिधीसाठीचा कॉन्सर्ट घ्या. लंडनच्या वेम्बली स्टेडियममध्ये क्वीन या बँडला जेमतेम वीसेक मिनिटं मिळाली, आणि त्यांचा गायक फ्रेडी मर्क्युरी याच्यासमोर हजारो हात एकदम वर गेले ते दृश्य जगाला पाठ आहे. पण ते कॅमेऱ्याला दिसलेलं दृश्य. गर्दीत उभ्या असलेल्याला पुढच्याचे कोपर दिसतात. कुणी असलं दृश्य समोरून किंवा वरून सांगायला लागलं की मी हळूच विचारते, "आणि तुमच्या शेजारचा तेव्हा काय करत होता?" तिथून पुढे जे येतं ते त्यांचं स्वतःचं.

मग पडताळणी. पोस्टरवर विसंबून भागत नाही. अमेरिकेतला वुडस्टॉक संगीत महोत्सव १७ ऑगस्ट १९६९ला संपायचा होता, पण लांबत लांबत गिटारवादक जिमी हेंड्रिक्स स्टेजवर आला तो १८ तारखेला, सोमवारी सकाळी, आणि तोवर बहुतेक गर्दी पांगली होती. तिकिटं जपून ठेवलेली असतात, पण अलीकडच्या बऱ्याच छापील तिकिटांचा कागद थर्मल, म्हणजे उष्णतेने अक्षरं उमटणारा असतो, आणि ती अक्षरं उडतात. त्यांचा आधी फोटो काढून घ्यावा. लॅमिनेशन अजिबात करू नये, उष्णतेने तो कागद काळा पडतो.

चाहत्यांनी केलेली रेकॉर्डिंग हा खरा खजिना. ग्रेटफुल डेड या अमेरिकन बँडने तर १९८४पासून रेकॉर्ड करणाऱ्या चाहत्यांना वेगळी जागाच देऊ केली. पण टेपसुद्धा चकवते. १९६६च्या ब्रिटन दौऱ्यात लोकसंगीताच्या चाहत्यांचा लाडका बॉब डिलन याने इलेक्ट्रिक गिटार घेतल्यावर प्रेक्षकांतून कुणीतरी "जूडस!" असं ओरडलं, म्हणजे येशूला दगा देणाऱ्या शिष्याचं नाव घेऊन त्याला दगाबाज म्हटलं. ती टेप वर्षानुवर्षं लंडनच्या रॉयल अल्बर्ट हॉलची म्हणून फिरली. प्रत्यक्षात ती मँचेस्टरच्या फ्री ट्रेड हॉलची, १७ मेची. ओरडणारा मीच, असं पुढे एकाहून अधिक जणांनी सांगितलं. त्यांना खोटारडं म्हणायला माझी जीभ रेटत नाही. त्या रात्री रागावलेले पुष्कळ जण होते.

गाण्यांचा क्रम, तारीख, कपड्यांचे रंग यांत लोक सर्रास चुकतात. बेसचा दणका मात्र छातीत कुठे बसला, ते हात ठेवून दाखवतात. एकाला मी त्याच्याच कॉन्सर्टची टेप ऐकवली. गाणी तो नुसती ऐकत होता. दोन गाण्यांच्या मध्ये गिटार लावून घेण्याचा टुणटुण आवाज आला, तसा तो ताडकन म्हणाला, "थांबा, आता ड्रमर खोकणार." टेपवर खोकला नव्हता. पण टेप करणारा दुसऱ्या टोकाला बसलेला, आणि हा ड्रमच्या बाजूला, अगदी पुढे.

आता एका बहीण-भावाचं अडलंय. एन्कोर, म्हणजे कार्यक्रम संपल्यावर लोकांच्या आग्रहाखातर पुन्हा वाजवणं, झाला असं ती म्हणते, दिवे लागले आणि सगळे निघाले असं तो म्हणतो. टेप त्याच्या आधीच संपते. दोघांचं जसंच्या तसं शेजारी शेजारी लिहून ठेवलंय. पुढच्या आठवड्यात त्यांच्याबरोबर गेलेली मैत्रीण भेटणार आहे, ती कुठे उभी होती ते आधी विचारायचं.